रेडियस सर्व्हरची चाचणी

रेडियस सर्व्हरची चाचणी म्हणजे संगणकांच्या जाळ्यात नव्याने बसवलेला प्रमाणीकरण सर्व्हर प्रत्यक्ष वापरात आणण्यापूर्वी तो योग्य व्यक्तीस प्रवेश देतो, अयोग्य व्यक्तीस नाकारतो आणि अनोळखी उपकरणास उत्तरच देत नाही, याची पायरीपायरीने केलेली पडताळणी होय. विद्यापीठे, रुग्णालये, कार्यालये आणि इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या कंपन्या यांच्या जाळ्यांत कोणाला प्रवेश द्यायचा हा निर्णय अशा सर्व्हरवर एकवटलेला असतो. त्यामुळे तेथील एका चुकीचा परिणाम संपूर्ण जाळ्यावर होतो. योग्य व्यक्तीचा प्रवेश अडला तर ती लगेच तक्रार करते. परंतु नको त्या व्यक्तीला प्रवेश मिळाला तर तक्रार करणारा कोणीच नसतो. या कारणाने रेडियसच्या चाचणीत नकाराची परीक्षा ही होकाराच्या परीक्षेहून अधिक महत्त्वाची ठरते.

या लेखात चाचणीच्या पायऱ्या फ्रीरेडियस या मुक्त स्रोत सर्व्हरच्या आधारे दिल्या आहेत. त्यामागील तत्त्वे रेडियसच्या इतर सर्व्हरांनाही लागू पडतात.

पार्श्वभूमी

दूरध्वनीच्या तारेवरून मोडेमद्वारे इंटरनेटशी जोडले जाण्याच्या काळात रेडियसचा जन्म झाला. अमेरिकेतील मिशिगन राज्यातील विद्यापीठांचे जाळे चालवणाऱ्या मेरिट नेटवर्क या संस्थेला अनेक ठिकाणच्या मोडेम-संचांवर येणाऱ्या वापरकर्त्यांची ओळख एका मध्यवर्ती ठिकाणी पटवून हवी होती. त्या गरजेतून लिव्हिंग्स्टन एंटरप्रायझेस या कंपनीने १९९१ मध्ये या प्रणालीची आखणी केली. जानेवारी १९९७ मध्ये ती आरएफसी २०५८ या दस्तऐवजाच्या रूपाने प्रसिद्ध झाली. आज आधारभूत मानला जाणारा आरएफसी २८६५ हा दस्तऐवज जून २००० चा आहे. वापराच्या नोंदींसंबंधीचा आरएफसी २८६६ त्याच महिन्यातील आहे.

रेडियस हे 'रिमोट ऑथेंटिकेशन डायल-इन युजर सर्व्हिस' या नावाचे आद्याक्षरी रूप आहे. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ त्रिज्या असा होतो. त्याच्यानंतर आलेल्या प्रणालीला डायमीटर, म्हणजे व्यास, असे नाव देण्यात आले. त्रिज्येच्या दुप्पट व्यास असतो, या भूमितीतील संबंधावर ते नाव बेतलेले आहे. डायमीटर प्रामुख्याने भ्रमणध्वनी कंपन्यांच्या जाळ्यांत रुजले. वाय-फाय, कार्यालयीन स्विच आणि व्हीपीएन यांच्या क्षेत्रात रेडियसचाच वापर चालू राहिला. फ्रीरेडियस प्रकल्पाचा प्रारंभ १९९९ मध्ये झाला.

संदेशांची देवाणघेवाण

चाचणीचे निष्कर्ष समजण्यासाठी या प्रणालीतील तीन पक्ष वेगळे ओळखावे लागतात. पहिला पक्ष वापरकर्ता. दुसरा पक्ष म्हणजे ज्या उपकरणाद्वारे तो जाळ्यात येऊ पाहतो ते उपकरण, उदाहरणार्थ वाय-फायचा ॲक्सेस पॉइंट किंवा स्विच. तिसरा पक्ष रेडियस सर्व्हर. रेडियसच्या परिभाषेत 'क्लायंट' हा शब्द दुसऱ्या पक्षासाठी, म्हणजे उपकरणासाठी, वापरला जातो, वापरकर्त्यासाठी नव्हे. हा भेद लक्षात न घेतल्यास सर्व्हरच्या नोंदी वाचताना गोंधळ उडतो.

वापरकर्त्याने आपले नाव व परवलीचा शब्द दिला की क्लायंट सर्व्हरकडे 'ॲक्सेस-रिक्वेस्ट' हे पॅकेट पाठवतो. त्यावर सर्व्हर तीनपैकी एक उत्तर देतो. 'ॲक्सेस-ॲक्सेप्ट' म्हणजे होकार, 'ॲक्सेस-रिजेक्ट' म्हणजे नकार आणि 'ॲक्सेस-चॅलेंज' म्हणजे आणखी माहितीची मागणी. ही देवाणघेवाण परंपरेने यूडीपी पद्धतीने, सर्व्हरच्या १८१२ क्रमांकाच्या पोर्टवर होते. वापराच्या नोंदींसाठी १८१३ क्रमांकाचे पोर्ट असते. जुन्या उपकरणांत या कामांसाठी १६४५ आणि १६४६ हे क्रमांक आढळतात.

क्लायंट आणि सर्व्हर यांना ठाऊक असलेला एक गुप्त शब्द असतो. त्याला सामायिक गुपित म्हणतात. ते वापरकर्त्याच्या परवलीच्या शब्दाहून पूर्णपणे वेगळे असते. विनंतीतील परवलीचा शब्द झाकण्यासाठी आणि उत्तर खऱ्या सर्व्हरकडूनच आले आहे हे तपासण्यासाठी त्याचा उपयोग होतो. वापरकर्त्याचे नाव मात्र उघडपणे प्रवास करते.

या तीन उत्तरांखेरीज चौथी शक्यता मौनाची असते. ज्याचे सामायिक गुपित सर्व्हरकडे नोंदवलेले नाही अशा क्लायंटच्या विनंतीला उत्तर न देता ती टाकून द्यावी, असा आरएफसी २८६५ चा नियम आहे. त्यामुळे रेडियसच्या चाचणीत उत्तर न येणे हाही एक निष्कर्ष असतो आणि त्याचा अर्थ लावावा लागतो.

चाचणीपूर्व तयारी

फ्रीरेडियससोबत येणारी मूळ कॉन्फिगरेशन बहुतांश गरजांसाठी पुरेशी असते. म्हणून प्रथम तिच्यात काहीही बदल न करता सर्व्हर सुरू होतो का हे पाहिले जाते. त्यानंतर एका वेळी एकच बदल करणे, प्रत्येक बदलानंतर चाचणी घेणे आणि चाचणी यशस्वी झाल्यास त्या स्थितीची प्रत जपून ठेवणे, हा क्रम पाळला जातो. दहा बदल एकदम करून मग चाचणी घेतल्यास बिघाड कोणत्या बदलामुळे झाला हे कळण्यास मार्ग उरत नाही.

चाचणीच्या काळात सर्व्हर डीबग अवस्थेत चालवतात. त्यासाठी सर्व्हर सुरू करण्याच्या आज्ञेला मोठ्या लिपीतील 'एक्स' हा पर्याय जोडला जातो. या अवस्थेत सर्व्हर प्रत्येक विनंतीचा प्रवास पडद्यावर लिहीत जातो : विनंती कोठून आली, तिच्यात काय होते, कोणता नियम लागू झाला आणि निर्णय कशामुळे झाला. आपण विनंत्यांसाठी सज्ज आहोत अशी ओळ शेवटी दिसली, म्हणजे कॉन्फिगरेशन वाचण्यात चूक आढळली नाही असे समजावे. एरवी तेथेच चुकीची ओळ दाखवून सर्व्हर थांबतो.

डीबग अवस्थेविषयी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. या अवस्थेत विनंत्या एकामागून एक हाताळल्या जातात, म्हणून सर्व्हरच्या वेगाची परीक्षा तीत घेता येत नाही. दुसरे असे की, पडद्यावरील मजकुरात वापरकर्त्यांचे परवलीचे शब्द उघड दिसू शकतात. तो मजकूर मदतीसाठी इतरांना पाठवण्यापूर्वी त्यातील असे शब्द आणि सामायिक गुपिते पुसून टाकणे आवश्यक असते.

पहिली चाचणी : होकार

पहिली चाचणी सर्व्हर असलेल्या यंत्रावरूनच घेतली जाते. त्यामुळे तारा, स्विच आणि फायरवॉल यांच्यामुळे येऊ शकणाऱ्या अडचणी बाजूला राहतात व केवळ सर्व्हरची परीक्षा होते. वापरकर्त्यांच्या फाइलच्या आरंभी एका तात्पुरत्या वापरकर्त्याचे नाव आणि त्याचा साधा परवलीचा शब्द नोंदवला जातो. फाइल वरून खाली वाचली जात असल्यामुळे ही नोंद आरंभी असणे सोयीचे असते.

त्यानंतर 'रॅडटेस्ट' ही आज्ञा दिली जाते. तिच्यासोबत पाच गोष्टी क्रमाने लिहितात : वापरकर्त्याचे नाव, परवलीचा शब्द, सर्व्हरचा पत्ता, क्लायंटवरील पोर्टचा क्रमांक आणि सामायिक गुपित. त्याच यंत्रावरील चाचणीसाठी पत्ता १२७.०.०.१ असतो, पोर्टच्या जागी शून्य चालते आणि स्थानिक क्लायंटसाठी फ्रीरेडियसमध्ये मुळातच नोंदवलेले 'टेस्टिंग१२३' हे गुपित वापरले जाते. सर्व काही जुळून आले असल्यास 'ॲक्सेस-ॲक्सेप्ट' हे उत्तर येते.

या होकारावरून मर्यादित निष्कर्षच काढता येतात. सर्व्हर चालू आहे, स्थानिक क्लायंट त्याला ठाऊक आहे आणि फाइलमधील नोंद त्याला वाचता येते, एवढे त्यावरून सिद्ध होते. सर्व्हर सुरक्षित आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही. जो पहारेकरी येणाऱ्या प्रत्येकाला आत सोडतो, तोही ओळखीच्या माणसाला आत सोडतोच.

नकाराची चाचणी

होकार मिळताच तीच आज्ञा चुकीचा परवलीचा शब्द देऊन पुन्हा चालवली जाते. या वेळी 'ॲक्सेस-रिजेक्ट' यावयास हवा. फ्रीरेडियस नकार देताना मूळ मांडणीनुसार सुमारे एक सेकंद मुद्दाम थांबतो, जेणेकरून परवलीचे शब्द भराभर अजमावून पाहणाऱ्याचा वेग कमी व्हावा. म्हणून नकाराला होकारापेक्षा किंचित उशीर होणे हे दोषाचे लक्षण नव्हे.

या चाचणीची गरज एका नेहमीच्या चुकीवरून स्पष्ट होते. होकार मिळत नसेल तर काही जण कॉन्फिगरेशनमध्ये प्रमाणीकरणाचा प्रकार बळेच 'ॲक्सेप्ट' असा ठरवून टाकतात. त्यानंतर होकाराची प्रत्येक चाचणी यशस्वी होते. कारण सर्व्हर आता परवलीचा शब्द तपासतच नाही. हा दोष होकाराच्या शंभर चाचण्यांतून उघड होत नाही, नकाराच्या एका चाचणीतून होतो.

पुढील प्रत्येक प्रसंगी नकार मिळतो का, हे स्वतंत्रपणे पाहिले जाते :

– नाव खरे, परवलीचा शब्द चुकीचा.
– अस्तित्वात नसलेले नाव.
– खरे नाव, परंतु परवलीचा शब्द रिकामा.
– संस्था सोडून गेलेल्या अथवा तात्पुरते बंद केलेल्या व्यक्तीचे खाते.
– मुदत संपलेले खाते.
– खाते खरे, पण त्या जाळ्यात येण्याचा अधिकार नसलेल्या गटातील.

रिकाम्या परवलीच्या शब्दाची चाचणी क्षुल्लक वाटली तरी ती तशी नाही. अनेक संस्थांत वापरकर्त्यांची माहिती एलडॅप निर्देशिकेत असते. एलडॅपच्या नियमांनुसार नाव देऊन परवलीचा शब्द रिकामा ठेवल्यास काही निर्देशिका ती जोडणी अनामिक समजून यशस्वी झाल्याचे कळवतात. हे यश म्हणजे ओळख पटली असा अर्थ जी प्रणाली लावते, तिच्यात केवळ नाव ठाऊक असलेल्या कोणालाही प्रवेश मिळू शकतो. फ्रीरेडियस या प्रकाराची दखल घेतो. तथापि सर्व्हर आणि निर्देशिका यांच्यामध्ये अन्य आज्ञावली असल्यास ही चाचणी टाळू नये.

मौनाचा अर्थ

क्लायंट ठरावीक काळ वाट पाहतो, विनंती पुन्हा पाठवतो आणि अखेर उत्तर आले नाही असे कळवतो. अशा वेळी डीबग अवस्थेतील पडदा काय दाखवतो यावरून कारण शोधता येते.

पडद्यावर काहीच उमटले नसल्यास विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचलेलीच नसते. फायरवॉलने यूडीपीचे १८१२ पोर्ट अडवणे, पत्ता चुकणे किंवा उपकरण जुन्या १६४५ पोर्टवर विनंती पाठवत असणे, ही त्याची नेहमीची कारणे होत. टीसीपीचे पोर्ट उघडून यूडीपीचे विसरणे हेही वरचेवर घडते.

विनंती अनोळखी क्लायंटकडून आल्याचा उल्लेख दिसल्यास त्या उपकरणाचा पत्ता सर्व्हरच्या क्लायंटांच्या यादीत नाही, असे समजावे. उपकरणाला एकाहून अधिक पत्ते असतील तर विनंती अनपेक्षित पत्त्यावरून निघालेली असू शकते.

सामायिक गुपित जुळत नसल्यास दोन प्रकारचे परिणाम संभवतात. विनंतीत 'मेसेज-ऑथेंटिकेटर' हा गुणधर्म असेल तर गुपितातील तफावत सर्व्हरच्या लगेच लक्षात येते आणि तो विनंती टाकून देतो. क्लायंटला मौन अनुभवास येते. हा गुणधर्म नसेल आणि सर्व्हरने त्याची सक्ती केलेली नसेल, तर झाकलेला परवलीचा शब्द चुकीच्या गुपिताने उलगडला जातो, त्यातून निरर्थक अक्षरे निघतात आणि सर्व्हर नकार देतो. अशा वेळी वापरकर्ता आपला परवलीचा शब्द पुनःपुन्हा बदलत राहतो, दोष मात्र उपकरणाच्या मांडणीत असतो. परवलीच्या शब्दाच्या जागी न छापता येणारी अक्षरे दिसणे ही याची खूण आहे.

परवलीच्या शब्दाची साठवण आणि पडताळणीची पद्धत

एकाच सर्व्हरवर एका पद्धतीने होकार आणि दुसऱ्या पद्धतीने नकार मिळणे शक्य असते. परवलीचा शब्द कोणत्या स्वरूपात साठवला आहे यावर कोणती पद्धत वापरता येईल हे अवलंबून असते.

पॅप पद्धतीत परवलीचा शब्द सर्व्हरला मूळ रूपात मिळतो. सर्व्हर त्याचे हवे तसे रूपांतर करून साठवलेल्या रूपाशी ताडून पाहू शकतो, म्हणून साठवण कोणत्याही प्रकारची असली तरी ही पद्धत चालते. चॅप पद्धतीत परवलीचा शब्द न पाठवता त्यावरून काढलेले उत्तर पाठवले जाते. ते पडताळण्यासाठी सर्व्हरकडे मूळ शब्द असावाच लागतो. एमएस-चॅप पद्धतीसाठी मूळ शब्द किंवा विंडोज प्रणालीत वापरले जाणारे त्याचे विशिष्ट रूप, म्हणजे एनटी हॅश, आवश्यक असते.

यावरून असे दिसते की, ज्या संस्थेने परवलीचे शब्द लिनक्सवर प्रचलित असलेल्या एकदिशा रूपांत साठवले आहेत, तिच्या सर्व्हरवर पॅपची चाचणी यशस्वी होईल आणि एमएस-चॅपची कधीच होणार नाही. हा कॉन्फिगरेशनमधील दोष नसून गणिती मर्यादा आहे. कोणताही बदल करून ती दूर होत नाही. 'रॅडटेस्ट' या आज्ञेला पद्धतीचे नाव देण्याची सोय आहे. प्रत्यक्षात जी पद्धत वापरली जाणार आहे तिनेच चाचणी घेतल्यास पुढील मनस्ताप टळतो.

अधिकारनिश्चितीची चाचणी

प्रमाणीकरणाने 'ही व्यक्ती कोण' हे ठरते. अधिकारनिश्चितीने 'तिला कोठवर जाता येईल' हे ठरते. होकाराच्या पॅकेटसोबत सर्व्हर काही गुणधर्म पाठवतो. वापरकर्त्याला कोणत्या आभासी जाळ्यात, म्हणजे व्हीलॅनमध्ये, ठेवायचे आणि किती वेळाने पुन्हा ओळख तपासायची, यांसारख्या गोष्टी त्यांत असतात.

एखाद्या महाविद्यालयात विद्यार्थी, प्राध्यापक आणि परीक्षा विभाग यांच्यासाठी तीन व्हीलॅन असतील, तर तिघांनाही होकार मिळणे पुरेसे नाही. विद्यार्थ्याचा होकार परीक्षा विभागाच्या व्हीलॅनचा क्रमांक घेऊन आला, तर प्रमाणीकरण अचूक असूनही गोपनीयतेचा भंग होतो. म्हणून प्रत्येक गटातील किमान एका चाचणी-खात्यासाठी होकारातील गुणधर्म वाचून पाहावे लागतात. कोणत्याही गटात न बसणाऱ्या खात्याचे काय होते, हेही तपासले जाते. अशा खात्यास नकार किंवा सर्वांत मर्यादित जाळे मिळणे अपेक्षित असते.

वाय-फाय, इएपी आणि प्रमाणपत्रे

संस्थांच्या वाय-फाय जाळ्यांत आयईईई ८०२.१एक्स या मानकानुसार प्रवेश दिला जातो. त्यात वापरकर्त्याचे उपकरण आणि रेडियस सर्व्हर यांच्यातील संवाद इएपी या चौकटीत होतो. 'रॅडटेस्ट' या आज्ञेने हा संपूर्ण संवाद तपासता येत नाही. त्यासाठी डब्ल्यूपीए-सप्लिकंट या प्रकल्पातील 'इएपीओएल-टेस्ट' हे साधन वापरले जाते. प्रत्यक्ष ॲक्सेस पॉइंट नसतानाही ते इएपीचा सर्व संवाद घडवून आणते.

पीप आणि टीटीएलएस या पद्धतींत सर्व्हर प्रथम आपले प्रमाणपत्र दाखवतो. त्यानंतर एक कूटबद्ध बोगदा तयार होतो व त्यातून परवलीचा शब्द किंवा त्यावरून काढलेले उत्तर जाते. येथे परीक्षा उलट दिशेने असते : सर्व्हरने वापरकर्त्याला ओळखण्यापूर्वी वापरकर्त्याच्या उपकरणाने सर्व्हरला ओळखावयाचे असते. उपकरणाने प्रमाणपत्र तपासले नाही, तर त्याच नावाचे खोटे वाय-फाय उभारून कोणीही त्याला आपल्याकडे वळवू शकतो. टीटीएलएसच्या आत पॅप असल्यास परवलीचा शब्द त्या व्यक्तीच्या हाती मूळ रूपात पडतो. डिसेंबर २०२० मधील अँड्रॉइड ११ च्या सुधारित आवृत्तीतून प्रमाणपत्र न तपासण्याचा पर्याय काढण्यात आला, त्यामागे हेच कारण होते.

यास्तव इएपीच्या चाचणीतही नकाराची पायरी असते. चाचणीच्या साधनाला मुद्दाम वेगळ्या प्रमाणन-संस्थेचे मूळ प्रमाणपत्र देऊन जोडणी करून पाहतात. जोडणी तुटली पाहिजे. मग अपेक्षित सर्व्हरचे नाव बदलून पाहतात. तेव्हाही जोडणी तुटली पाहिजे. वापरकर्त्यांना दिल्या जाणाऱ्या सूचनांनुसार मांडणी केलेल्या खऱ्या फोनवर व लॅपटॉपवरही हीच चाचणी घेणे इष्ट ठरते.

फ्रीरेडियस सुरुवातीस जी प्रमाणपत्रे तयार करतो ती केवळ चाचणीसाठी असून अल्पकाळच वैध असतात. ती न बदलता सर्व्हर वापरात आणल्यास काही आठवड्यांनी, कोणीही काहीही बदललेले नसताना, सर्वांचा प्रवेश बंद पडतो. सर्व्हरचे घड्याळ चुकल्यासही वैध प्रमाणपत्र अवैध ठरू शकते.

साध्या पॅपची चाचणी यशस्वी होते, परंतु इएपीचा संवाद अर्ध्यावर थांबतो, असाही अनुभव येतो. प्रमाणपत्रे वाहून नेणारी पॅकेट मोठी असतात व वाटेत त्यांचे तुकडे होऊ शकतात. एखादी फायरवॉल असे तुकडे टाकून देत असेल तर छोटी पॅकेट पोहोचतात आणि मोठी हरवतात.

वापराच्या नोंदी

कोणी केव्हा प्रवेश केला, किती वेळ जाळे वापरले आणि केव्हा बाहेर पडले, यांच्या नोंदी रेडियसचा तिसरा भाग आहे. क्लायंट जोडणीच्या आरंभी, मध्ये ठरावीक अंतराने आणि शेवटी नोंदीची विनंती पाठवतो. सर्व्हर तिची पोच देतो. या भागात नकाराचे उत्तरच नाही. नोंद झाली तर पोच, न झाल्यास मौन, असा आरएफसी २८६६ चा नियम आहे.

म्हणून येथील चाचणी पुढीलप्रमाणे घेतली जाते. नोंदी साठवणारे विदागार मुद्दाम बंद करून नोंदीची विनंती पाठवतात. पोच आली नाही तर सर्व्हर नियमानुसार वागतो आहे. पोच आली आणि पर्यायी ठिकाणीही नोंद उतरली नसेल, तर ती नोंद कायमची हरवली; कारण पोच मिळालेला क्लायंट ती पुन्हा पाठवत नाही. एखाद्या गैरवापराची चौकशी करताना अशी हरवलेली नोंद निर्दोष व्यक्तीच्या विरोधात जाऊ शकते.

बिघाडाची चाचणी

बहुतेक संस्था मुख्य आणि राखीव असे दोन सर्व्हर ठेवतात. राखीव सर्व्हरची खरी परीक्षा मुख्य सर्व्हर बंद केल्यावरच होते. ती कामाच्या वेळेबाहेर, पूर्वसूचना देऊन घेतली जाते. उपकरणे किती वेळाने राखीव सर्व्हरकडे वळतात, तेवढ्या वेळात वापरकर्त्याचा प्रयत्न सोडून दिला जातो का, आणि मुख्य सर्व्हर परत आल्यावर ती पुन्हा त्याच्याकडे वळतात का, या तीन गोष्टी पाहिल्या जातात. राखीव सर्व्हरवर नकाराच्या सर्व चाचण्या स्वतंत्रपणे घ्याव्या लागतात. बंद केलेले खाते मुख्य सर्व्हरवर नाकारले जात असले, तरी राखीव सर्व्हरवरील जुन्या प्रतीत ते चालू असू शकते.

सर्व्हर जिवंत आहे की नाही हे सतत पाहण्यासाठी 'स्टेटस-सर्व्हर' हा संदेश उपलब्ध आहे. २०१० च्या आरएफसी ५९९७ मध्ये त्याचे वर्णन आहे. त्यामुळे केवळ देखरेखीसाठी एखादे कायमचे खोटे खाते ठेवण्याची गरज राहत नाही.

ब्लास्ट-रेडियस

नकारावर किती विसंबता येते, हा प्रश्न जुलै २०२४ मध्ये नव्याने पुढे आला. संशोधकांच्या एका गटाने ब्लास्ट-रेडियस या नावाने एक दुर्बलता प्रसिद्ध केली. सर्व्हरच्या उत्तराचा खरेपणा रेडियसमध्ये एमडी५ या पद्धतीने तपासला जातो. एकाच एमडी५ मूल्याचे दोन वेगळे मजकूर तयार करता येतात, हे २००४ पासून ज्ञात होते. क्लायंट आणि सर्व्हर यांच्यामधील मार्गावर ताबा असलेला हल्लेखोर या दोषाचा उपयोग करून सर्व्हरने दिलेला नकार होकारात बदलू शकतो, असे संशोधकांनी दाखवून दिले. त्यासाठी त्याला परवलीचा शब्द किंवा सामायिक गुपित ठाऊक असावे लागत नाही.

यूडीपीवरील पॅप, चॅप आणि एमएस-चॅप या पद्धतींना हा धोका आहे. इएपीमध्ये 'मेसेज-ऑथेंटिकेटर' अनिवार्य असल्याने ती या हल्ल्यापासून सुरक्षित राहते. उपाय म्हणून सर्व विनंत्यांत व उत्तरांत हा गुणधर्म सक्तीचा करण्याची शिफारस झाली. फ्रीरेडियसच्या ३.२.५ या आवृत्तीत त्यासाठीचे पर्याय देण्यात आले. टीएलएसच्या कूटबद्ध मार्गाने रेडियसची वाहतूक करणे हा अधिक पक्का उपाय होय. त्याचे वर्णन २०१२ च्या आरएफसी ६६१४ मध्ये असून त्यासाठी टीसीपीचे २०८३ पोर्ट वापरतात.

नव्या सर्व्हरच्या चाचणीत यामुळे आणखी एका पायरीची भर पडली. 'मेसेज-ऑथेंटिकेटर' नसलेली विनंती मुद्दाम पाठवून सर्व्हर ती टाकून देतो का, हे पाहिले जाते. जुनी उपकरणे हा गुणधर्म पाठवत नसल्यास ती या चाचणीतच उघडी पडतात व त्यांची आवृत्ती सुधारता येते.

संस्थांमधील परस्पर प्रवेश

एज्युरोम या सेवेमुळे एका विद्यापीठाचा सदस्य दुसऱ्या विद्यापीठात आपल्याच नाव-परवलीने वाय-फाय वापरू शकतो. वापरकर्त्याच्या नावातील ॲट चिन्हानंतरच्या भागावरून त्याची मूळ संस्था ओळखली जाते आणि विनंती रेडियस सर्व्हरांच्या साखळीतून तिच्याकडे पोहोचते. निर्णय मूळ संस्थेचा सर्व्हरच घेतो. भारतात ही सेवा अर्नेट या संस्थेमार्फत चालवली जाते.

अशा साखळीत सामील होताना दोन्ही दिशांची चाचणी लागते : आपला सदस्य बाहेरून आणि बाहेरचा सदस्य आपल्याकडे. संस्थेच्या नावात चूक असलेली विनंती साखळीत पुढे न ढकलता स्थानिक सर्व्हरनेच नाकारावी, हीही अपेक्षा असते. येथे एका सर्व्हरच्या ढिलाईची किंमत दुसऱ्या संस्था मोजतात; कारण एका ठिकाणी चुकीने मिळालेला होकार साखळीतील प्रत्येक संस्थेचे दार उघडतो.

चाचणीनंतरची आवराआवर

चाचणीसाठी केलेल्या सोयी काढून टाकल्याशिवाय चाचणी पूर्ण झाली असे मानत नाहीत. तात्पुरता वापरकर्ता काढला जातो. 'टेस्टिंग१२३' हे सर्वज्ञात गुपित बदलले जाते आणि प्रत्येक उपकरणासाठी लांब, स्वैर व स्वतंत्र गुपित ठरवले जाते. चाचणीची प्रमाणपत्रे जाऊन संस्थेची प्रमाणपत्रे येतात व त्यांच्या मुदतीची तारीख नोंदवून ठेवली जाते. डीबग अवस्थेतील मजकूर साठवला असल्यास तो नष्ट केला जातो.

त्यानंतर होकार, नकार आणि मौन या तिन्ही चाचण्या अखेरची एकदा घेतल्या जातात. या वेळी काढून टाकलेल्या तात्पुरत्या वापरकर्त्याच्या नावाने केलेली विनंतीही नाकारली गेली पाहिजे. या चाचण्यांची लेखी यादी जपून ठेवल्यास सर्व्हरची आवृत्ती बदलताना किंवा नवे उपकरण जोडताना तीच यादी पुन्हा वापरता येते.